मोहर्लीवरचा अढळ तारा

चित्र बिघडले तेव्हा सकाळचे अकरा वाजायला चारपाच मिनिटे कमी होती. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, घरात घट बसलेले, आणि पाऊस सरून आभाळ असे धुऊन निघालेले की वर पाहवत नव्हते. मी मोहर्लीला एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. ताडोब्याच्या जंगलाच्या दाराशी हे गाव आहे. एका अंगाला इरई धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला साग, बांबू, ऐन आणि मोह. वाघ पाहायला येणाऱ्या मंडळींची पहाटे फाटकापाशी झुंबड उडते. त्या गाड्या आत गेल्या की गाव पुन्हा आपले आपल्यापाशी उरते, आणि घराघरांतून टीव्हीचे आवाज ऐकू येऊ लागतात.

तो आवाज एकाएकी तुटला. चित्राचे आधी चौकोनी तुकडे झाले आणि मग पडदा निळा पडला. घरातला बारातेरा वर्षांचा नातू उठला, काठी घेतली आणि कवेलूच्या छपराशेजारच्या लोखंडी नळीवर बसवलेल्या छत्रीला ढोसायला निघाला. छत्री म्हणजे ती पत्र्याची परात. गावोगाव तिला हेच नाव पडले आहे.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "दहा मिनिटांत आपोआप येईल."

चित्र आले. मुलगा माझ्याकडे पंचांग सांगणाऱ्या जोशीबुवांकडे पाहावे तसा पाहू लागला. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या त्याच्या आजीवर मात्र माझ्या विद्वत्तेचा काही परिणाम झाला नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि विचारले, "भाऊ, हे छत्री रातदिस एकाच जाग्याकडं पाहून रायते. थ्या जाग्यावर हाये तरी काय?"

मी म्हटले, "आजी, तिथे एक उपग्रह आहे. तो मुळीच हलत नाही."

"न हालणारा तर ध्रुव. थो तिकडं हाये." त्यांनी उत्तरेकडे हात केला. "छत्रीची तर त्याच्याकडं पाठ हाये."

रात्रीच्या आभाळाखाली आयुष्य गेलेल्या माणसाचा हा प्रश्न होता, आणि तो बिनतोड होता. सूर्य हलतो, चंद्र हलतो, चांदण्या उगवतात आणि मावळतात. उत्तरेचा एक ध्रुव सोडला तर आकाशात स्थिर असे काही नसते, ही गोष्ट आजी लहानपणापासून जाणत होत्या. मग दक्षिणेच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारा हा दुसरा ध्रुव कोणी बसवला? मी त्या वेळी त्यांना जे उत्तर दिले ते तोकडे होते. नीट उत्तर द्यायचे तर गेल्या शंभर वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. तो इथे सांगतो.

आधी हालचालीचे कोडे सोडवू. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू जितकी जवळ तितकी तिला घाई, आणि जितकी दूर तितकी ती संथ. चारशे किलोमीटर उंचीवरचे अंतराळस्थानक सुमारे दीड तासात एक फेरी पुरी करते. चंद्राला तीच फेरी करायला सत्तावीस दिवस लागतात. तेव्हा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अशी एक उंची असलीच पाहिजे, जिथे फेरीला बरोबर पृथ्वीच्या एका गिरकीइतका वेळ लागेल. ती उंची आहे विषुववृत्तापासून वर ३५,७८६ किलोमीटर. तिथे ठेवलेली वस्तू सेकंदाला तीन किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असते. पण खाली पृथ्वीही त्याच दिशेने, त्याच हिशेबाने वळत असल्यामुळे आपल्याला ती टांगल्यासारखी जागच्या जागी दिसते. उत्तरेचा ध्रुव हलत नाही, कारण पृथ्वीचा आस त्याच्या रोखाने आहे. हा हलत नाही, कारण तो आपल्याबरोबर हलतो. जत्रेतल्या चक्रीपाळण्यात समोरच्या घोड्यावर बसलेला भाऊ आपल्याला नेहमी समोरच दिसतो, तसेच हे आहे.

आणि अशी वाट एकच आहे. ती विषुववृत्ताच्या बरोबर वर असावी लागते, म्हणून आपल्याला ती नेहमी दक्षिणेच्या अंगालाच दिसणार. सगळ्या जगाचे स्थिर उपग्रह याच एका कड्यावर दाटीवाटीने बसवलेले आहेत, आणि कोणी कुठे बसायचे हे आंतरराष्ट्रीय करारांनी ठरते. १९७६ साली विषुववृत्तावरच्या काही देशांनी बोगोटा येथे एकत्र येऊन आपापल्या माथ्यावरच्या तुकड्यावर हक्कच सांगितला होता. जगाने तो मानला नाही. पण आकाशातल्या जागेलाही भाव येऊ शकतो, हे त्यातून साऱ्यांना कळून चुकले.

या उंचीचे गणित नवे नाही. पोटोच्निक नावाच्या एका अभियंत्याने ते १९२९ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात मांडले होते. परंतु या जागेवरून साऱ्या जगाशी बोलता येईल हे स्पष्टपणे लिहिले ते आर्थर क्लार्क यांनी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, 'वायरलेस वर्ल्ड' नावाच्या इंग्रजी मासिकात. तीन ठाणी कड्यावर समान अंतरावर बसवली की जवळजवळ सगळी पृथ्वी त्यांच्या नजरेखाली येते, असा त्यांचा हिशेब होता. गंमत अशी की त्यांच्या कल्पनेतल्या ठाण्यांवर माणसे राहणार होती. त्या काळी रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत आणि ते जळत. मग वर जाऊन ते बदलायला कोणी नको का? पुढे ट्रान्झिस्टर आला, व्हॉल्व्ह गेले, आणि ठाण्यात माणूस ठेवण्याची गरजही त्यांच्याबरोबर गेली.

क्लार्क यांच्या लेखानंतर वीस वर्षांनी, ६ एप्रिल १९६५ रोजी, 'अर्ली बर्ड' उडाला. व्यापारी तत्त्वावर चालवलेला हा पहिला स्थिर दळणवळण उपग्रह. तो इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा होता. कक्षेत त्याचे वजन चाळीस किलोच्याही आत भरत होते, म्हणजे आजींच्या घरातल्या तांदळाच्या पोत्यापेक्षा तो हलकाच. त्याच्या अंगावरच्या सौरपेशींपासून मिळणारी वीज पन्नास वॅटच्याही आत होती. एवढ्याशा यंत्राने अटलांटिकच्या दोन काठांमध्ये २४० टेलिफोन संभाषणे किंवा दूरचित्रवाणीचा एक कार्यक्रम वाहून नेला. दीड वर्ष चालेल या अपेक्षेने वर पाठवलेला तो उपग्रह चार वर्षांच्या आसपास राबला.

हे यंत्र करते तरी काय? डोंगराच्या माथ्यावर उभा राहून या खोऱ्यातला निरोप त्या खोऱ्यात ओरडून सांगणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. उपग्रहाचे काम तेच आहे. खालून आलेला क्षीण संदेश तो ऐकतो, त्याची ताकद वाढवतो आणि पुन्हा खाली सोडतो. मात्र ऐकण्याची लहर आणि बोलण्याची लहर तो वेगवेगळी ठेवतो, नाहीतर स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान किटतील. त्या जुन्या उपग्रहांची ऐकण्याची लहर सुमारे सहा गिगाहर्ट्झची असे आणि बोलण्याची चार गिगाहर्ट्झची. अशा एका ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या जोडीला ट्रान्सपाँडर म्हणतात, आणि उपग्रहाचा धंदा म्हणजे हे ट्रान्सपाँडर भाड्याने देणे. जाऊन-येऊन बहात्तर हजार किलोमीटरांचा हा प्रवास प्रकाशाच्या वेगाने करायलाही संदेशाला पाव सेकंद लागतो. परदेशच्या जुन्या ट्रंककॉलमध्ये दोन्ही टोकांची माणसे एकदम बोलू लागत आणि एकदम गप्प होत, त्यामागे पुष्कळदा हा पाव सेकंद असे.

महाराष्ट्रात हा इतिहास प्रथम उतरला तो जंगलात नव्हे, आर्वीला. वैदर्भीय वाचकांना आर्वी म्हटले की वर्धा जिल्ह्यातले गाव आठवेल. ही ती नव्हे. ही आर्वी पुणे जिल्ह्यातली, जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळची. परदेशाशी बिनतारी बोलण्याची पुण्याच्या परिसराला जुनी सवय होती. १९२७ साली विलायतेशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते. पण तो सारा वातावरणाच्या वरच्या थरांवर आपटून परतणाऱ्या लहरींचा खेळ. थर बिघडला की बोलणे बिघडायचे. १९७१ साली आर्वीचे भू-केंद्र सुरू झाले आणि हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅटमार्फत भारत जगाशी बोलू लागला. डोंगरांच्या कुशीतली जागा मुद्दाम निवडली होती, कारण इतर बिनतारी यंत्रांचा गोंगाट तिथे आडोशामुळे पोचत नव्हता. या केंद्रामागे डॉ. विक्रम साराभाई यांची जिद्द होती. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला ते वारले, आणि केंद्राला त्यांचे नाव मिळाले.

आर्वीची परात सुमारे तीस मीटर व्यासाची होती. वाडा मावेल एवढी! कारण वरच्या उपग्रहाचा आवाज इतका बारीक, की तो टिपायला तेवढे मोठे कान लागत. आणि तो उपग्रह आपला नव्हता. आपण भाडेकरू होतो. शिवाय या तीस मीटरच्या परातीतून बोलणार कोण? सरकार, व्यापारी पेढ्या, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या. मोहर्लीचा त्यात काही संबंध नव्हता.

साराभाईंच्या मनात मात्र मोहर्लीसारखीच गावे होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तारा आणि मनोरे शहरापासून निघतात आणि खेड्याकडे सरकत सरकत जातात, जंगलापर्यंत पोचायला त्यांना पिढ्या लागतील. उपग्रहाला मात्र शहर आणि रान यांतला भेद कळत नाही. तो एकाच वेळी दोहोंवर सारखाच बरसतो. तेव्हा गरीब देशाने उपग्रहाची चैन करू नये हे म्हणणे उलटे आहे. गरीब आणि विस्तीर्ण देशालाच त्याची खरी गरज आहे.

हा विचार कसाला लागला तो १ ऑगस्ट १९७५ रोजी. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी आफ्रिकेच्या पूर्व भागावर आणून उभा केला गेला आणि भारतातल्या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत त्याच्यावरून थेट दूरचित्रवाणी दिसू लागली. खेड्यातली छत्री तीन मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. 'साइट' या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रयोगाची व्यवस्था ज्यांच्या हाती होती ते डॉ. एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पुरी करून, ते गेले. शेती, आरोग्य, शाळा यांचे धडे या प्रयोगात गावात दिसत. आर्थर क्लार्क तेव्हा कोलंबोला राहत होते. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी हे स्वप्न कागदावर मांडले, त्यांच्या घरीही आपल्या शास्त्रज्ञांनी अशी एक छत्री उभारून दिली.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. चांद्याच्या जंगलापलीकडे, पूर्वेला छत्तीसगढच्या रायपूर भागात आणि दक्षिणेला आंध्रात, गावे पडद्याभोवती जमत होती. मधला आपला मुलूख अंधारात होता. पण ज्यांना उजेड मिळाला त्यांचाही तो टिकला नाही. ३१ जुलै १९७६ ला वर्ष भरले, आणि उसना आणलेला उपग्रह मालकाने परत नेला. एक वर्षभर रोज संध्याकाळी जमणाऱ्या गावांपुढे पडदा कोरा झाला. उसन्या दिव्याने दिवाळी करता येते, संसार करता येत नाही. आपला स्वतःचा उपग्रह हवा, हा धडा त्या कोऱ्या पडद्यांनी दिला.

आपला पहिला बहुउद्देशी उपग्रह, इन्सॅट-१ए, १० एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतून उडाला. बांधणीही अमेरिकन कंपनीची, मागणी आपली. या मालिकेच्या अंतराळातल्या बाजूची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते प्रमोद काळे पुण्याचे. या उपग्रहाची घडण मोठी विलक्षण होती. टेलिफोन, दूरचित्रवाणी आणि हवामानाचा कॅमेरा अशी तीन कामे त्याला करायची होती. कॅमेऱ्याचा एक भाग अतिशय थंड राखावा लागे, म्हणून त्या बाजूला सौरपंखा लावता येत नव्हता. पंखा एकाच बाजूला. आता सूर्यप्रकाशालाही दाब असतो, अगदी नाममात्र, पण असतो. एकाच बाजूला पंखा म्हणजे एकाच बाजूला सतत ढकलणे. तो तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला एक शीड उलगडायचे होते. ते उलगडले नाही. तोल राखण्यापायी इंधन भराभर संपले आणि सप्टेंबर १९८२ मध्ये, पाच महिन्यांतच, उपग्रह सोडून द्यावा लागला. अढळपद मिळणे वेगळे आणि ते टिकवणे वेगळे.

३० ऑगस्ट १९८३ च्या रात्री चॅलेंजर या अवकाशयानातून इन्सॅट-१बी गेला. त्याचाही सौरपंखा आधी अडकला. अमेरिकेतली आणि कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रातली मंडळी दिवसरात्र त्याच्यामागे लागली आणि सप्टेंबरच्या मध्यावर तो पुरता उघडला. पुढच्या वर्षी काय झाले ते पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. १९८४ च्या पावसाळ्यात काही महिने देशात सरासरी रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. 'हम लोग' त्याच जुलैतले. उपग्रहाकडून कार्यक्रम घ्यायचा आणि आजूबाजूला फेकायचा, हे या लहान प्रक्षेपकांचे काम. पण त्यांचा आवाका वीसपंचवीस किलोमीटरांचा. जिल्ह्याच्या गावाला तेवढा पुरे, रानाला नाही. उपग्रह मोहर्लीवरही बरसत होता. मोहर्लीपाशी ते पाणी धरायला भांडे नव्हते, इतकेच.

मधल्या काळात आपले लोक उपग्रह स्वतः बांधायला शिकले. ३ एप्रिल १९९९ रोजी बेंगळुरूत बांधलेला इन्सॅट-२ई फ्रेंच गयानातून गेला आणि पूर्व रेखांश ८३ अंशांवर, म्हणजे मोहर्लीच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, स्थिर झाला. त्याच्या क्षमतेपैकी अकरा ट्रान्सपाँडरांइतका भाग भाड्याने घेतला तो कोणी? इंटेलसॅटने! १९७१ साली आर्वीच्या परातीतून ज्या इंटेलसॅटपुढे आपण भाडेकरू म्हणून उभे होतो, त्याच इंटेलसॅटचे अठ्ठावीस वर्षांनी आपण घरमालक झालो. या घटनेचा गाजावाजा फारसा झाला नाही. व्हायला हवा होता.

आजींची छत्री मात्र आणखी पूर्वेकडे, आग्नेयेला वळलेली आहे. दूरदर्शनची मोफत थेट घरपोच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, आणि आता ती ज्या उपग्रहावरून येते त्याचे नाव जीसॅट-१५. त्याचा मुक्काम ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. तो उडाला ११ नोव्हेंबर २०१५ रोजी, पहाटे ३ वाजून ४ मिनिटांनी. पंचांग काढून पाहा: त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. निघताना त्याचे वजन ३,१६४ किलो होते आणि त्याचे सौरपंखे ६,२०० वॅट वीज देतात. अर्ली बर्डची पन्नास वॅटच्या आतली वीज आठवा, म्हणजे आर्वीच्या तीस मीटरांच्या परातीचे काम आजींच्या दोन फुटी छत्रीला कसे जमते ते ध्यानात येईल. पूर्वी उपग्रह कुजबुजत होता आणि आपण कान मोठे केले होते; आता तो मोठ्याने बोलतो. शिवाय हा बारा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या बारीक लहरीवर बोलतो आणि आपला झोत भारतावरच रोखतो. या बारीक लहरीचे एकच वावडे, ते मुसळधार पावसाचे. थेंब तिला गिळतात. आषाढात चित्र जाते ते त्यामुळे.

पण त्या दिवशी आभाळ स्वच्छ होते. मग चित्र का गेले? कारण वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, काही दिवस सूर्य आपल्या वाटेवर बरोबर या उपग्रहाच्या पाठीमागून जातो. मोहर्लीहून पाहिले तर ऑक्टोबरात ही वेळ सकाळी अकराच्या जरा आधीची. सूर्यही लहरी फेकतच असतो, आणि त्याच्या त्या गर्जनेत उपग्रहाचा आवाज काही मिनिटे बुडून जातो. हे मी दुसऱ्या दिवशी आजींना तसेच दाखवले. चित्र तुटताच त्यांना अंगणात आणले आणि म्हटले, "वर पाहू नका, सावली पाहा. आत्ता सूर्य जिथे आहे, बरोबर त्याच जागी, त्याच्या अलीकडे, तुमचा तो न हलणारा तारा आहे."

आजींनी तुळशीच्या कट्ट्याच्या सावलीकडे पाहिले, मग छत्रीकडे. "म्हंजे आज सूर्यानं त्याले धरलं," त्या म्हणाल्या. मला याहून चांगले सांगता आले नसते.

रात्री त्याला पृथ्वी धरते. त्याच दिवसांत अकराच्या आगेमागे उपग्रह तासभर पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि त्याचे सौरपंखे निकामी होतात. तेवढा वेळ तो पोटातल्या बॅटरींवर काढतो. बाकी सूर्य आणि चंद्र त्याला उत्तर-दक्षिण ओढत असतातच. विषुववृत्तही अगदी निर्दोष वर्तुळ नाही, त्यामुळे तो पूर्व-पश्चिमही घसरू पाहतो. मोकळा सोडला तर आपल्या भागातला कुठलाही स्थिर उपग्रह ७५ अंश रेखांशाकडे ओढला जातो आणि तिथे झोके घेत राहतो. ही ७५ अंशांची रेषा पश्चिम महाराष्ट्रावरूनच जाते! घसरण आवरायला हासनहून हुकूम जातात आणि थोडे थोडे इंधन जाळले जाते. जीसॅट-१५ चे आयुष्य बारा वर्षांचे धरले आहे. इंधन संपत आले की उरलेल्या थेंबांनी अशा उपग्रहाला काहीशे किलोमीटर वर ढकलतात आणि जागा पुढच्यासाठी मोकळी करतात. उत्तरेच्या ध्रुवाला अढळपद वराने मिळाले. दक्षिणेकडच्या या ध्रुवांना ते रोज कमवावे लागते.

त्या रात्री मी आणखी एक हिशेब केला. जीसॅट-१५ पासून मोहर्ली सुमारे ३६,४५५ किलोमीटरांवर आहे. मुंबई ३६,६४० वर. म्हणजे त्या उपग्रहाला मुंबईपेक्षा मोहर्ली सुमारे १९० किलोमीटरांनी जवळ! जिल्ह्याच्या कचेरीपासून, मंत्रालयापासून, इस्पितळापासून हे गाव दूर आहे असे आपण म्हणतो, ते सारे रस्त्याने मोजून. आकाशातून मोजले तर दूर असे काही उरत नाही. साराभाईंनी हेच ओळखले होते.

मग मोहर्लीचा पुरता संबंध जुळला का? मला नाही वाटत. आर्वीची परात ऐकत होती आणि बोलतही होती. आजींची छत्री नुसती ऐकते. मुंबई-दिल्लीला जे बोलायचे असेल ते ती आणून देते. गावाला जे विचारायचे असेल ते वर नेत नाही. वाघाने गाय नेली, धानावर रोग पडला, रात्री पोराला ताप भरला, हे तिला सांगता येत नाही. यात यंत्राचा दोष नाही. आडगावच्या बँकेच्या गच्चीवर दिसणारी थोडी मोठी छत्री बोलतेही. त्यासाठी थोडी वीज आणि थोडा खर्च एवढेच लागते. 'साइट'च्या त्या वर्षात शेती, आरोग्य आणि शाळा या तीन गोष्टींना पहिला मान होता. आज शेकडो वाहिन्यांच्या गर्दीत तो कुठे आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरचा टीव्ही लावून पाहावे. उपग्रहाने अंतर पुसले. त्या पुसलेल्या जागेवर काय लिहायचे ते खालच्या माणसांनी ठरवायचे असते, आणि आपण ते अर्धेच लिहून ठेवले आहे.

निघायच्या आदल्या रात्री ओसरीवर बसलो होतो. जलाशयाकडून चितळाची हाक आली आणि थांबली. घड्याळात अकरा वाजत होते. गाव झोपले होते, टीव्ही बंद होते, आणि आग्नेयेला कुठेतरी तो उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असणार. आजी जाग्याच होत्या.

"आता थो अंधारात हाये म्हनता?" त्यांनी विचारले.

"हो. थोड्या वेळाने बाहेर येईल."

"एकटाच?"

मी म्हणालो, "एकटाच."

त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मात्र नातवाला म्हणाल्या, दिवाळीचा आकाशकंदील या खेपेला छत्रीच्या नळीलाच बांध. वरून कोणी पाहत असेल तर खालीही कोणी आहे हे त्याला कळू दे.